लेव्हल धरायला एक माणूस हवा

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा पुढचा पेशा कोण ठरवतो, या प्रश्नाची बारावीचे गुण, वडील, क्लासचे संचालक आणि शेजारच्या काकांचा परदेशी गेलेला मुलगा अशी चार उत्तरे सर्वमान्य असली, तरी पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचा साठ वर्षांचा व्यवहार पाहता पाचवे उत्तर नोंदवणे भाग पडते. ते असे की, पुष्कळदा हा निर्णय संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, कॅन्टीनच्या दारात, ‘जरा लेव्हल धरायला ये रे’ असे म्हणणारा कोणी एक सीनियर घेतो. लेव्हल म्हणजे रंगमंचावर उंचवटा करण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चौथरा. तो दिसतो त्याहून जड असतो, त्याला कोपरे चार असतात, आणि नाटकाच्या ग्रुपमध्ये भूमिका मागणारे तीस जण असले तरी लेव्हल उचलायच्या वेळी हजर असणारे नेमके तीन असतात. मराठी नाट्यसमीक्षेने या चौथ्या कोपऱ्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

या व्यवहाराचे मुख्य पीठ म्हणजे ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा. ती ऐन पावसाळ्यात, म्हणजे नवे सत्र नुकते रुळू लागले असताना आणि पहिली चाचणी तोंडावर आली असताना, सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात भरते, आणि तिच्या घोषणा, ज्यांत ‘आव्वाज कुणाचा’ हा प्रश्न उत्तर आधीच ठाऊक असूनही अत्यंत तळमळीने विचारला जातो, प्रेक्षागृहाबाहेरच्या रहिवाशांनाही पाठ असतात. स्पर्धेची शिस्त कडक असते. २०२२ साली तर अंतिम फेरीतील एकही एकांकिका करंडकाला पात्र नाही, असा निकाल परीक्षकांनी दिला. पुण्यात पुरस्कार मिळवणे अवघड आहे हे सर्वश्रुत होते. तो कोणालाही न देणे शक्य आहे, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

भरतीची रीत मात्र मुळीच कडक नाही, किंबहुना ती भरती आहे हेच भरती होणाऱ्याला कळत नाही. लेव्हल ठेवून झाल्यावर हा विद्यार्थी लगेच घरी जाऊ शकत नाही, कारण ज्याच्या गाडीवर मागे बसून तो आलेला असतो, तो मित्र दुसऱ्या प्रवेशात हवालदार असतो. तालीम, म्हणजे प्रयोगापूर्वीचा सराव, रिकाम्या वर्गात चालते: बाके भिंतीला लावलेली असतात, फरशीवर खडूने दार, खिडकी आणि आतली खोली आखलेली असते, आणि फळ्यावर दुपारच्या तासाचे समाकलन तसेच राहिलेले असते. पाणी प्यायला म्हणून हा पाहुणा वर्गाच्या दाराकडे निघाला की, दिग्दर्शिका, जी एरवी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात असते, ‘अरे, भिंतीतून काय चाललायस!’ असे ओरडते, आणि तो दचकून, माफी मागून, खडूच्या दारातून बाहेर पडतो. एवढेच नव्हे, तर जाताना नसलेली कडी लावतो. रंगभूमीचा करार येथे होतो. नसलेल्या कडीवर ज्याचा हात आपसूक गेला, त्याला चार दिवसांनी प्रॉम्प्टर, म्हणजे नट वाक्य विसरल्यास ते विंगेतून पुरवणारा सहायक, तापाने आडवा झाल्यावर संहितेची वही हाती देण्यासाठी वेगळी निवड समिती बसवावी लागत नाही.

विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी असला तर त्याची गत आणखी निराळी होते. तो ‘इलेक्ट्रिकल’ला आहे एवढ्या पुराव्यावर प्रकाशयोजना त्याच्याकडे सोपवली जाते, वास्तविक तीन वर्षांत त्याने ट्रान्सफॉर्मरच्या पुष्कळ आकृत्या काढलेल्या असल्या तरी घरातला उडालेला फ्यूज वायरमनच बसवून गेलेला असतो. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड हळूहळू चढवण्या-उतरवण्याचे साधन, जिलेटीन म्हणजे उजेडाला रंग देण्यासाठी दिव्यापुढे लावायचा पारदर्शक कागद, आणि क्यू म्हणजे अमुक वाक्याला अमुक दिवा अशी खूण, हे सर्व त्याला कोणत्याही जर्नलवर सही न होता, चहाच्या तीन फेऱ्यांत कळते. प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या वाक्याला अंधार करायचा असतो. नटी वाक्य बोलते, आणि त्याच क्षणी याला शिंक येऊ घातल्यामुळे डिमरवरचे बोट जागच्या जागी थांबते. एक क्षण, दोन क्षण उजेड तसाच राहतो, त्या जादा उजेडात नटीचा चेहरा, ज्यावर आता कोणतेही वाक्य उरलेले नसते, सबंध सभागृहाला दिसतो, आणि मग अंधार होतो. टाळ्या थांबत नाहीत. दिग्दर्शिका धावत येऊन ‘कसला थांबलास!’ म्हणते, विद्यार्थी शिंकेविषयी मौन पाळतो, आणि सहाव्या सत्रातील ‘कंट्रोल सिस्टिम्स’ या विषयाला अनुपस्थित राहण्याची प्रक्रिया सुरू होते. या प्रक्रियेचे शासकीय नाव एटीकेटी असे आहे, म्हणजे एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होऊनही पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. मराठी प्रायोगिक रंगभूमीला मिळालेले हे सर्वांत नियमित अनुदान मानण्यास हरकत नसावी.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी इतके नाटकवाले का दिले, याचे एक उदात्त स्पष्टीकरण असे देतात की, शरीर आणि यंत्र जवळून पाहिल्याने माणसाविषयीची जाण खोलावते. ते ऐकायला बरे वाटते. अधिक साधे स्पष्टीकरण असे की, ज्यांना गुण पडले त्या सर्वांना, कल कोणताही असो, याच दोन दारांतून आत ढकलण्याचा रिवाज असल्यामुळे गाणारे, लिहिणारे आणि नकला करणारेही तेथेच साठत गेले, आणि वसतिगृहाने त्यांच्या रात्री मोकळ्या ठेवल्या. कलेला शवविच्छेदनापेक्षा वसतिगृहाचा उपयोग अधिक झाला असावा.

पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय हे याचे ठळक उदाहरण. डॉ. श्रीराम लागू येथे शिकत असतानाच नाटकात रमले आणि पुढे भालबा केळकर यांच्यासह प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, या संस्थेच्या उभारणीत राहिले. परंतु कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून पुण्यात आणि आफ्रिकेत व्यवसाय करून पूर्णवेळ नट होण्यास त्यांना १९६९ साल उजाडले, आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. विद्यार्थिदशेत सापडलेली वाट चाळिशी ओलांडल्यावर धरली तरी चालते, हा दाखला पालकांपासून लपवून ठेवण्याची प्रथा आहे. सतीश आळेकर महाविद्यालयीन नाटकात काम करताना भालबांच्या नजरेस पडले आणि पीडीएत आले. जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते बी. जे.मध्ये नोकरीला होते, आणि १९७४ साली त्यांनी ‘महानिर्वाण’ लिहिले, ज्यात मृत माणूस जिवंतांपेक्षा अधिक बोलतो. वैद्यकीय आवाराचा प्रभाव म्हणायचा तर तो एवढाच.

१६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ होते आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे पुढे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. या नाटकाने नेपथ्याचा प्रश्न लाकडाऐवजी माणसांनी सोडवला: ओळीने उभे राहणारे, गाणारे, नाचणारे आणि प्रेक्षकांकडे पाठ फिरवून पडद्याचे काम करणारे ब्राह्मण हीच त्यातली भिंत. म्हणजे चौथ्या कोपऱ्यापुरता एक माणूस शोधण्याऐवजी येथे सबंध भिंतीइतकी माणसे शोधावी लागली, आणि ‘नुसतं ओळीत उभं राहायचंय’ या आश्वासनावर विश्वास ठेवण्याचा धोका कित्येक पटींनी वाढला. १९८० साली हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्या मंडळींना घसा बसण्याची, किंवा कोणाचे अंगावरचे मूल आजारी पडण्याची, चिंता तुलनेने कमी असणार.

घरच्यांची प्रतिक्रिया हा या संशोधनाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. पहिल्या टप्प्यात ‘कॉलेजचं काहीतरी आहे’ असे सांगितले जाते. दुसऱ्यात ‘डिग्री हातात असू दे, मग काय ते कर’ हा तह होतो, ज्यातील ‘काय ते’ या शब्दांची व्याप्ती दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने लावतात. आणि तिसऱ्यात, मुलगा रीतसर पदवी घेऊन, कॅम्पस मुलाखतीत निवड होऊनही ती नोकरी न स्वीकारता दिव्यांचे सामान टेम्पोत भरून कोल्हापूरच्या प्रयोगाला जाऊ लागतो, तेव्हा आई त्याच्या डब्यात दोन पोळ्या जादा घालू लागते आणि वडील प्रयोगाला येतात. ते तिसऱ्या रांगेत बसून पूर्ण दोन अंक मुलाला रंगमंचावर शोधतात, तो सभागृहाच्या मागच्या बाजूला, त्यांच्या पाठीशी, अंधारात बसलेला असतो. मध्यंतरात शेजारी भेटतात आणि ‘तुमचा मुलगा कोणत्या भूमिकेत?’ असे विचारतात. वडील क्षणभर थांबून, ‘तो लाइटचं बघतो’, असे सांगतात. त्यावर शेजारी मनापासून आनंदित होऊन, आमच्या हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर गेले दोन महिने अडकतोय, तो बघेल का, अशी विचारणा करतात, आणि डिमर व पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एकाच तत्त्वावर चालत असल्यामुळे रविवारी सकाळी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन खरोखरच जातो.