आंबिलीचा वेगळा माठ

लेस्टर, इंग्लंड

ती. वहिनींस,


पत्र बघून दादा म्हणतील, रोज फोनवर बोलतो तर हा कागद कशाला? कारण असं की ही गोष्ट फोनवर काढली की तुम्ही नेमकं मध्येच "आवाज येईना" म्हणता. कागदाला ती सोय नाही. म्हणून आधी मुद्दा सांगतो. वेळ अमावस्येला आम्ही दोघं आणि लेक येडशीला येतोय. आणि आम्ही तिघंही आता दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा यातलं काही खात नाही.

तुम्ही कपाळाला हात लावलात, ते मला इथून दिसलं. आबांनी पंढरीची माळ घातली तेव्हा घरातलं मटण सुटलं. आता साठी उलटल्यावर आमचं दूध सुटलं. "पुढच्या पिढीत भाकरी सुटंल" हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच लिहून टाकतो.

लेक कॉलेजात गेली तेव्हाच व्हेगन झाली होती. जनावराकडून आलेलं काहीच खायचं नाही, मधसुद्धा नाही. तेव्हा ते तिच्यापुरतं होतं. घरात दोन पातेली आणि एक अबोला, एवढ्यावर भागत होतं. मग माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. तुमची जाऊ नर्स असल्यामुळे आमच्या घरात रिपोर्ट वाचला जात नाही, सुनावला जातो. कोलेस्टेरॉलचा आकडा ऐकवून तिने तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. इथे जानेवारी महिनाभर व्हेगन राहायची एक मोहीम असते. 'व्हेगन्युअरी' म्हणतात, २०१४ साली इंग्लंडातच सुरू झाली. ही म्हणाली, एक महिना करून बघू. वहिनी, तुमच्या जावेचा महिना केवढा असतो हे तुम्ही जाणताच. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी महिनाभरासाठीच गेली होती.

आणि राहायला आम्ही गाव तरी कुठलं गाठलं! डोनाल्ड वॉटसन नावाचे एक गृहस्थ याच लेस्टरमध्ये शाळेत सुतारकाम शिकवायचे. १९४४ साली, युद्ध चालू, लोणी-चीज-अंडी सगळं रेशनवर, त्यात ह्या माणसाने पाच टाळकी गोळा करून व्हेगन सोसायटी काढली. तिचं पहिलं पत्रकही लेस्टरमधूनच निघालं. बरं, हा जिल्हा चीजचा. रेड लेस्टर चीज इथलंच, आणि स्टिल्टन नावाचं निळ्या बुरशीचं चीज कायद्याने फक्त तीन जिल्ह्यांत बनवता येतं, त्यातला एक आमचा. भूम-कुंथलगिरीकडे खव्याच्या भट्ट्या पेटलेल्या असाव्यात आणि शेजारच्या ओट्यावर बसून कुणी दूध सोडायची संस्था काढावी, तसला प्रकार. वॉटसन ९५ वर्षं जगले. हा आकडा मला घरात जेवढ्या वेळा ऐकवला जातो, तेवढ्या वेळा आबांनी हरिपाठही म्हटला नसेल.

पहिला तिढा चहाचा. पुठ्ठ्याच्या डब्यात ओटचं दूध येतं. त्याच्यावर 'दूध' असं छापायला कायद्याने बंदी आहे, म्हणून 'ओट ड्रिंक' लिहितात. म्हशीच्या दुधात पाणी घालून ते दूध म्हणूनच विकणारे आपल्याकडचे धीट लोक मला तेव्हा आठवले. तर हे ओटचं पाणी मी आपल्या पद्धतीने आलं, साखर, पत्ती घालून चुलीवर चांगलं खळखळवलं. ओट म्हणजे शेवटी धान्यच. उकळल्यावर दाटायचंच. चहा गाळणीतून उतरेना. लेक म्हणाली, "बाबा, मीठ-जिरं घाला, पेज म्हणून प्या." मग सोयाबीनचं आणलं, ते कपात फाटलं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी रडतो, मी इथे सोयाबीन फाटलं म्हणून रडत होतो. आता जमलंय: पत्ती, आलं आधी उकळायचं, गॅस बंद करायचा, मग कोमट केलेलं ओट वरून घालायचं. चहा चांगला होतो. म्हणजे चहा होतो.

दुसरा तिढा वाचनाचा. ज्या पदार्थाने कुणाला ॲलर्जी होऊ शकते, त्याचं नाव पाकिटावर ठळक छापावं असा इथे कायदा आहे. त्यामुळे दूध कुठे कुठे लपून बसलंय ते चष्मा लावला की दिसतं. बटाट्याच्या वेफर्समध्ये दुधाची पावडर! पावात, सुपाच्या पुडीत, कसल्याशा मसाल्यात. दुकानात माझ्यामागे रांग खोळंबते, मी पाकीट वाचत असतो. मॅट्रिकला एवढं वाचलं असतं तर आबांचे दोन जोडे वाचले असते.

लेकीची नजर आता ताटाबाहेर गेलीय. रेशीम किड्याचं, म्हणून ती रेशीम नेसत नाही. तिच्या आईच्या पैठणीचा विषय मात्र घरात अजून कुणी काढलेला नाही, काढणारही नाही. देवघरात तुळजापूरची कवड्यांची माळ आहे. लेक म्हणाली, "कवडी म्हणजे समुद्रातल्या जीवाचं घर ना?" मी म्हटलं, आईसाहेबांच्या दरबारात आपण जोगवा मागायचा, जबाब नाही.

आता खरी गंमत ऐका. एका रविवारी हिने वहीत दोन रकाने आखले, चालणारं आणि न चालणारं, आणि येडशीचं खाणं आठवून लिहायला बसली. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची, ठेचा, पिठलं, शेंगोळे, हुलग्याचं माडगं, मेथी, चुका, वांग्याचं भरीत, तुरीच्या ओल्या दाण्याची आमटी, शेंगाची पोळी, तिळाची पोळी. पुरणाची पोळीसुद्धा, गुळवणीबरोबर खाल्ली तर. चालणारं पान भरून पाठीमागे गेलं. म्हणजे इथले लोक मॉलमध्ये जाऊन भाव देऊन जे विकत घेतात, ते आपली आज्जी रोज खात होती. फक्त तिला कुणी त्याचं प्रमाणपत्र दिलं नाही. आणि न चालणाऱ्या रकान्यात काय? चहातलं दूध, धपाट्यावरचं दही, आंबिलीतलं ताक, पोळीवरचं तूप, पाहुण्यापुढचा पेढा. बघा नीट. एकटा माणूस कोरड्यासाशी भाकरी खातो तेव्हा यातलं काही लागत नाही. कुणीतरी वाढायला आलं की लागतं.

म्हणून जिभेचं फार अडलं नाही. अडलं ते माणसांपाशी. इथे गणपतीत आरती झाली की प्रसादाचा शिरा हातावर पडतो, तुपाने ओथंबलेला. नको म्हटलं की एक काकू डोळे मोठे करतात, "बाप्पाच्या प्रसादाला नाही म्हणता?" इथल्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती मिठाईवाल्यांची रांगच आहे. तिथल्या ओळखीच्या दुकानदाराने काजूकतली पुढे केली, मी कारण सांगितलं, तर त्याने मला कुठला आजार झालाय हे अत्यंत हळू आवाजात विचारलं. आजार असता तर बरं झालं असतं. आजाऱ्याला कुणी आग्रह करत नाही.

आणि वहिनी, तुमचा तर मला भरपूर अनुभव आहे. पोळीवर तूप नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर तुम्ही हातावर तूप ओतता.

दादांना शेळीचं दूध सुचेल, ते आधीच निकालात काढतो. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे इतके आजारी पडले की डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय अंग धरणार नाही. तेव्हा १९१९ मध्ये कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती? गांधीजी शेळीच्या दुधावर आले. पण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा घालवला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे, दादांचा तिच्यावर जीव आहे, हे मला मान्य. पण आमच्या घरातल्या कस्तुरबा उलट्या बाजूला आहेत.

तब्येतीची काळजी नको. बी-१२ हे जीवनसत्त्व शेतात पिकत नाही. त्याची गोळी मी जेवणानंतर घेतो, हिच्या डोळ्यांदेखत. बाकी तीळ आहेत, डाळी आहेत.

आता वेळ अमावस्येच्या रानातल्या जेवणाचं. भज्जीला काही अडचण नाही. बेसन, चिंच, हरभरा, तूर, वाटाणा, सगळा पाला, त्यात दुधाचा थेंब नाही. उंडे, बाजरीची भाकरी, खिचडा, ठेचा, सगळं चालतं. गव्हाची खीर आम्हाला दूध घालायच्या आधी वाटीभर काढून ठेवा, गुळावर भागेल. राहिली आंबील. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध उकळायचं, कोमट झालं की हिरव्या मिरचीची देठं टाकून ठेवायचं, दही लागतं. ते घुसळून त्यात ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं. इथे करून पाहिलीय. आंबट कमी पडते, पण कोपीत बसून, उन्हात, हरभऱ्याचं रान समोर असताना प्यायलं तर कोण चव मोजतंय? शेंगदाणे घरचे काढून ठेवा, बाकी आल्यावर ही करील. म्हशीची आंबील तुमच्या नेहमीच्या माठात, आमची दुसऱ्या छोट्या माठात. त्याला चुन्याचं बोट ओढा म्हणजे अदलाबदल नको. रानात शिंपडायची ती तुमचीच शिंपडा. काळ्या आईला आम्ही व्हेगन करायला निघालेलो नाही.

शेवटचं काम तुमच्यावरच. शेजारपाजारच्या किमान दहा घरांतून आम्हाला चहाला बोलावणं येणार. प्रत्येक घरी मी हे भाषण करू शकत नाही. तुम्ही आधीच गावात सांगून ठेवा की डॉक्टरांनी मनाई केलीय. खोटं नाही ते, निम्मं तरी नाही. मला कोरा चहा चालेल, लिंबू पिळून.

दादांना, पोरांना आशीर्वाद-नमस्कार जसे ज्याचे तसे.

आपला धाकटा दीर

ता. क. : परत जाताना बॅगेत जागा ठेवतोय. करडईचं घाण्याचं तेल मोठ्या कॅनमध्ये, आणि जवसाची चटणी गेल्या वेळच्या दुप्पट. त्या चटणीवर कच्चं तेल घालून मी भाकरी खातो तेव्हा ही बाहेर असते.