व्ह्यूवाले तात्या

पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की रस्त्याकडेला पाट्या सुरू होतात : ‘होमस्टे. लेक व्ह्यू. चुलीवरचं जेवण.’ पाटीखाली मोबाइल नंबर आणि नंबरामागे तात्या. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे अण्णा; माणूस एकच. खिशात दोन फोन, दोन्ही एकदम वाजणारे, आणि दसरा उलटला की चेहऱ्यावर लेकीचं लग्न ठरलेल्या बापाची कळा.

दिवाळीला पाहुणे येणार म्हणून लोक घर नवं करतात. तात्यांना ते जुनं करावं लागतं. हौसेनं बसवलेली गुळगुळीत फरशी पाहुण्यांना बघवत नाही, म्हणून अंगणाचा एक कोपरा शेणानं सारवून घ्यायचा. फ्रिज पडद्याआड सरकवायचा आणि त्यातलंच गार पाणी माठात ओतायचं. माळ्यावरचा पितळी हंडा चिंचेनं घासून ओसरीवर आणायचा. स्वयंपाक मागच्या खोलीत गॅसवर निम्मा झालेला असतो. वळणावर गाडी दिसली की पुढची चूल पेटते. बैल विकून ट्रॅक्टर आला त्याला जमाना झाला, पण बैलगाडी आहे. तिला रंग दिलाय, दिव्यांच्या माळा सोडल्यात.

बाथरूमला मात्र जुनेपणा चालत नाही. कमोड हवा, गीझर हवा, आणि भिंतीवर पाल नको. पाल हा ग्रामीण जीवनाचा भाग आहे हे पाहुण्यांना तत्त्वतः मान्य असतं.

‘‘आये, पाहुणं आलं की जरा जात्यावर बसशील का?’’

‘‘पीठ गिरणीतनं आणलंय न्हवं?’’

‘‘आणलंय गं. त्यांस्नी दळताना बघायचंय.’’

‘‘मग मालिका बुडंल माझी. त्याचं काय देतोस?’’

तेव्हापासून आईचा हिशेब निराळा असतो आणि तो रोखीत चुकता होतो. बायकोचा नसतो. ती पहाटेपासून गोधड्यांना ऊन दाखवत, उशांना अभ्रे चढवत आणि भाकऱ्यांचा अंदाज बांधत असते. ‘होस्ट’ म्हणून फोटो तात्यांचा निघतो.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘व्ह्यू आहे ना?’’ आहे की. दिवाळीत मुळशीचं धरण भरलेलं असतं, अंगणातून निळं पाणी दिसतं, आणि व्ह्यूच्या खोलीचा दर जास्त असतो. त्या पाण्याखाली तात्यांच्या पणजोबांची भातखाचरं आहेत. 1921 साली टाटांच्या या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते इथेच. जमिनी वाचल्या नाहीत. पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरून वीज झालं आणि मुंबईला गेलं. इकडे पाहुण्यांनी खोलीत पाय ठेवला की लाइट जाते आणि तात्या इन्व्हर्टरकडे धावतात. पणजोबांनी खाचरांतून जेवढं पिकवलं नसेल तेवढं आज बुडालेल्या खाचरांकडे नुसतं बघण्याचं भाडं मिळतं, हा हिशेब तात्या कधीतरी रात्री करतात. कुणाला सांगत नाहीत. पाहुण्यांना इतिहास हवा असतो, पण जेवणाआधी पाच मिनिटांचा.

दिवाळी आणि भातकापणी इथे बरोबरच येतात. इंद्रायणी पिवळी पडून उभी, मजूर मिळत नाहीत, आणि घरात कोथरूड-हिंजवडीची धट्टीकट्टी माणसं नाश्ता करून लोळत पडलेली. एका दिवाळीला तात्यांना सुचलं. पाटीवर ओळ वाढली : ‘भातकापणीचा अनुभव. शुल्क वेगळे.’ पाहुणे टोप्या घालून शेतात उतरले, विळे धरले, चार पेंढ्या कापल्या, चाळीस फोटो काढले आणि कंबर धरून बांधावर बसले. उरलेलं शेत तात्यांनीच कापलं, पण त्या पैशांत दुसऱ्या दिवशीचे मजूर निघाले. ही कल्पना मुळशीतल्या सगळ्यांत हुशार माणसाची आहे, असं माझं स्पष्ट मत.

खरी पंचाईत भाऊबीजेला होते. खोल्या भरलेल्या आणि सख्खी बहीण ठाण्याहून पोरंबाळं घेऊन दारात. तिची पथारी शेजारच्या चुलत्यांकडे पडते. तिथून ती ओवाळायला येते, तेव्हा पाहुणे मोबाइल सरसावून विचारतात, ‘‘तात्या, हे पॅकेजमध्येच आहे ना?’’ तात्या एकदा बहिणीकडे बघतात, एकदा पाहुण्यांकडे. बहीणच सांगते, ‘‘आहे, आहे. ताटात टाका कायतरी.’’ गेल्या वर्षी तिची ओवाळणी भावापेक्षा गिऱ्हाइकांकडूनच जास्त जमली.

तेव्हा या सुट्टीत मुळशीला जाणार असाल तर खोली दसऱ्याआधीच सांगून ठेवा. चांदणी चौकातल्या गर्दीचा वेळ धरून घरून निघा आणि जेवायला बारा सांगितलेत तर बारालाच पोचा. चारला पोचून गरम भाकरी मागितलीत तर तात्या ‘हो’ म्हणतील, थापणारी मात्र त्यांची बायको असेल. जाताना तिच्या हातावर काहीतरी वेगळं ठेवा.