आठ कपांचं भांडं, तीन पेले कॉफी

आइंडहोवन, नेदरलँड्स

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी आम्ही पाठवलेल्या फ्रेंच प्रेसचा, म्हणजे त्या दांडा-जाळीच्या कॉफीच्या भांड्याचा, जो पंचनामा केला, तो तुमच्या सुनेने पदर नसल्याने तोंडाला ओढणी लावून ऐकला. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, म्हणून लिहून पाठवतो.

पहिली तक्रार, खोक्यावर आठ कप लिहिलंय आणि भरतात तीनच पेले. बाबा, कोणी फसवलेलं नाही. भांडं एक लिटरचंच आहे. पण इकडच्या हिशेबात कॉफीचा कप सव्वाशे मिलिलिटरचा, आणि तुमच्या स्टीलच्या पेल्यात तसे अडीच मावतात. तेव्हा कप मोजणं आजपासून बंद.

दुसरी तक्रार आईची: "हा काय काढा केला बाप्पा!" होणारच. ज्यांनी जन्मभर राइस मिलच्या काट्यावर पोत्याला पाव किलो इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, ते बाबा कॉफीची पूड मुठीने टाकतात! लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम पूड. तुम्ही दोघंच असाल तर अर्धा लिटर पाणी, 30 ग्रॅम पूड. चमच्यावर जाऊ नका. शिगोशिग भरला की सपाट, एवढ्यावरच पाचाचे आठ ग्रॅम होतात. आई भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजते, त्याला माझी हरकत नाही. चिन्नोर तांदूळ तिचं बोट ओळखतो. कॉफीची अजून ओळख व्हायची आहे.

पाण्याला वेगळं माप नको. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामं भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा, 30 ग्रॅम पूड घाला, परत शून्य करा आणि 500 दिसेपर्यंत पाणी ओता. पाणी उकळलं की अर्धं मिनिट थांबून ओतायचं, म्हणजे 95 अंशांच्या आसपास येतं. मग चार मिनिटं. आई, ही चार मिनिटं घड्याळातली. फाटकाशी उभं राहून शेजारच्या काकूंशी बोलण्यातली नव्हेत. दांडा हळूहळू दाबायचा. बाबांनी जोर लावला तर कॉफी सदऱ्यावर येईल.

एवढं करून पेल्यात 440 च्या आसपास उतरेल आणि बाबा उरलेल्या 60 चा हिशेब मागतील. ओली पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. क्विंटलभर धानाचे 67 किलो तांदूळ मुकाट्याने मान्य करणाऱ्याने एवढ्यासाठी घर डोक्यावर घेऊ नये.

आणि हो, किराणा दुकानातली विरघळणारी पावडर यात चालत नाही. ती पाण्यात गेल्यावर दाबायला काही उरतच नाही. भाजलेल्या बिया जाड रव्याहून भरड दळलेल्या हव्यात. पूड बारीक असली की जाळीतून गाळ पेल्यात येतो. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्या विदर्भातच, चिखलदऱ्याला. कोणी तिकडे निघालं तर सांगून ठेवा. (बाबांनी विचारलं होतं: 1852 साली पॅरिसमध्ये मायर आणि डेलफोर्ज या दोघांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं, पण आजच्या घडणीचं 1929 चं पेटंट मिलानच्या कालिमानीचं. म्हणजे नाव फ्रेंच, घडण इटलीची.)

लग्नातल्या वाफेच्या मशीनवरच्या, चॉकलेटची पूड भुरभुरलेल्या कॉफीची चव हिच्यात शोधू नका. दूध-साखर हवी तर पेल्यात घाला. जायफळही पेल्यातच किसा, भांड्यात नको.

रविवारी एकदा काट्यावर मोजून करा आणि कशी झाली ते दोघांनी वेगवेगळं कळवा.

तुमचा,
धाकटा