स्वेटर ठेवायचा कुठे?

बडोद्यात जानेवारीचा एक दिवस दोन ऋतूंना पुरतो. पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर असतो आणि दुपारी तिशीच्या आसपास. दूधवाल्याने दाराशी पिशवी ठेवल्यापासून दुपारची डुलकी लागेपर्यंत पारा सतराएक अंश चढून गेलेला असतो. समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर बसलेल्या, डोंगर म्हणून लांबूनच पावागडकडे पाहणाऱ्या या गावाने एवढा चढउतार आणला कुठून, असा प्रश्न बाहेरून येणाऱ्याला पडतो. गावकऱ्यांना दुसराच पडतो : काढलेला स्वेटर ठेवायचा कुठे?

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला मराठी प्रवासी हा या हिवाळ्याचा ठरलेला बळी होय. निघण्यापूर्वी तो दोन्ही शहरांचे तापमान पाहतो आणि तिथेच फसतो, कारण दुपारचे आकडे जवळजवळ सारखेच असतात. मुंबईला समुद्र आहे. दिवसभर साठवलेली ऊब तो रात्री सावकाश, व्याजासकट परत करतो. बडोद्याला अशी ठेव नाही. दोन शहरांतला खरा फरक रात्रीचा आहे, आणि हे 390 किलोमीटर प्रवासी नेमके रात्री, झोपेत ओलांडतो. सुरतेला त्याचे पाय पोटाशी येतात. भरूचला, नर्मदेच्या पुलाच्या खडखडाटात, तो शेजाऱ्याचे वर्तमानपत्र पांघरतो. साडेचारला बडोद्याच्या फलाटावर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उतरतो, तेव्हा आपल्याला गुडघे आहेत हे त्याला बऱ्याच दिवसांनी आठवते. पहिला चहा तो पीत नाही, नुसता धरतो. पितो तो दुसरा.

स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला मात्र पूर्ण तयारीत असतो. डोक्याला कानटोपी, तिच्यावर मफलर, आणि जाकीट उलटे घातलेले, चेन पाठीवर. वारा समोरून येतो. मग जिथे फट आहे ती बाजू त्याच्या तोंडी का द्यायची, असा हा साधा हिशेब. 'बेसो काका, आजे तो बहु ठंडी छे,' असे म्हणून तो प्रवाशाला मागे बसवतो, आणि रिक्षाला पुढे काच असली तरी बाजूंना काही नसते हे प्रवाशाच्या लक्षात येते. काळ्या घोड्याच्या चौकावरून विश्वामित्रीचा पूल लागला की थंडी एकदम दुप्पट वाटते. यात भुताटकी नाही. थंड हवा जड असते, ती सखल भागात ओघळते आणि नदीच्या पात्रात रात्रभर साचून राहते. पूल ओलांडणे म्हणजे त्या साठ्यावरून, उघड्या कानांनी, जाणे.

या थंडीचे कारण डोक्यावर असते. हिवाळ्यात इथे आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन सूर्य मावळताच उष्णता आकाशात सोडू लागते. तिला अडवायला ढग नाहीत, धरून ठेवायला दमटपणा नाही. खंबातचे आखात फार लांब नाही, पण या दिवसांत वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून, जमिनीवरून येतो. समुद्राला या प्रकरणात बोलायची संधीच मिळत नाही. सकाळी तीच कोरडी हवा आणि तेच निरभ्र आभाळ सूर्याला मोकळी वाट देतात. ज्या गुणांमुळे रात्र इतकी निवते, त्याच गुणांमुळे दुपार इतकी तापते.

मराठी वर्तमानपत्रांत थंडीचा 'कडाका' पडतो. गुजराती वर्तमानपत्रांत 'ठंडीनो चमकारो' येतो. बडोद्यापुरता गुजराती शब्द अधिक अचूक मानावा लागेल. कडाका पडला की पडून राहतो. चमकारा सकाळी दिसतो आणि साडेदहाला नसतो. त्याच बातमीत कच्छातल्या नलियाचा आकडा असतोच. गुजरातेत सर्वांत थंड म्हणून नलियाचे नाव दर हिवाळ्यात इतक्या वेळा छापले जाते की, ते गाव न पाहिलेली माणसेही त्याच्याविषयी दूरच्या, जरा तापट नातेवाइकाविषयी बोलावे तसे बोलतात. हवामान खात्याची शीतलहर मात्र इतकी सहज येत नाही. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली जावे आणि शिवाय सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी घसरावे, अशी तिची नेहमीची अट आहे. ही अट पुरी करायची तर बडोद्याला आठ अंशांच्या जवळ जावे लागते, आणि ते रोज जमत नाही. कुडकुडूनही कागदोपत्री नोंद होत नाही, हे नागरिकांचे जुने दुःख आहे.

प्रवाशाच्या दांडियाबाजारातल्या आत्याचे मत वेगळे. शीतलहर ओळखायला तापमापक लागत नाही, गुडघे पुरतात, असे ती म्हणते. तिच्या बाजूने थोडे भौतिकशास्त्रही आहे. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर टांगलेला असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहून थंड असते. पाटावर बसून भाजी निवडणाऱ्या बाईचे गुडघे फूटभर उंचीवर येतात. शास्त्रज्ञ वरचे मोजतात, आत्या खालचे.

'अरे, स्वेटर नाही आणलास? शरदी होईल ना!' या वाक्याने ती भाच्याचे स्वागत करते. (बडोद्याच्या मराठी घरात सर्दीची 'शरदी' केव्हा झाली हे कुणाला आठवत नाही, पण ती झाल्यावर उपाय तोच : सुंठ, गूळ आणि 'सांगितलं होतं ना'.) मग पत्र्याच्या ट्रंकेतून काकांचा बाटलीहिरवा स्वेटर निघतो. त्याला डांबरगोळ्यांचा वास असतो आणि बाह्या काकांच्या असतात. इथून पुढे प्रवाशाचे सारे प्रवासवर्णन या स्वेटराभोवती फिरते.

बडोद्याची जुनी घरे उन्हाळ्याशी भांडायला बांधलेली आहेत. उंच छत, जाड भिंती, थंडगार फरशी, वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या. मे महिन्यात बेचाळीस अंशांना ही घरे पुरून उरतात. जानेवारीतही ती आपले काम त्याच निष्ठेने करत राहतात, ही अडचण आहे. घर तापवण्याची कोणतीही सोय नसते. पाणी तापवण्याची असते. आता गीझर आला असला तरी पूर्वीच्या तांब्याच्या बंबाची आठवण निघाली की वयस्कर मंडळी हात पुढे करून शेकल्यासारखे करतात. सकाळी दहाला अंगण घरापेक्षा उबदार होते आणि कुटुंब बाहेर येते. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेहून आलेला पुतण्या सर्वांत जास्त कुडकुडतो. तिकडे बाहेर शून्याखाली असले तरी घरात बावीस असते. इथे बाहेर बारा आणि आतही जवळपास तेवढेच. तो बर्फाच्या गोष्टी सांगतो, पण दोन रजायांतून.

याच्या उलट उदाहरण अरविंद घोष यांचे. इंग्लंडात चौदा वर्षे काढून ते 1893 साली गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाले आणि 1906 पर्यंत बडोद्यात होते. त्यांना बंगाली शिकवायला आलेले दिनेंद्रकुमार राय त्यांच्याबरोबर राहत. बडोद्याच्या कडक थंडीतही अरविंदबाबू रजाई घेत नसत, साध्याशा स्वस्त पांघरुणावर भागवत, असे राय यांनी लिहून ठेवले आहे. रायबाबूंनी त्यात संन्यस्त वृत्ती पाहिली. दांडियाबाजारात हा प्रसंग निघाला तर प्रतिक्रिया एकच असते : जवळ कुणी आत्या नव्हती.

सकाळी सातला प्रवाशाला कमाटीबागेत नेण्यात येते. सयाजीराव महाराजांनी 1879 साली उभारलेली ही बाग हिवाळ्याच्या सकाळी शहराचे वस्त्रसंग्रहालय होते. लग्नात आलेल्या शाली, साहेबाच्या बदलीत मागे राहिलेले ओव्हरकोट, तिबेटी विक्रेत्यांकडून घासाघीस करून घेतलेली जाकिटे, आणि अगणित माकडटोप्या. टोपीतून फक्त डोळे आणि राजकीय मते बाहेर असतात. मात्र थंडीचा पुरता बंदोबस्त केलेली व्यक्ती या बागेत एकच आहे. 1894 साली उघडलेल्या तिथल्या वस्तुसंग्रहालयात इजिप्तची ममी ठेवलेली आहे. ती नखशिखांत गुंडाळलेली आहे आणि साडेदहानंतर तिला काही काढावे लागत नाही.

तापमानाच्या या खेळाला शास्त्रशुद्ध तोंड देणारा रहिवासी बागेशेजारी, विश्वामित्रीच्या काठावर सापडतो. या नदीत, भर शहरात, शेकडो मगरी राहतात. मगरीला स्वतःच्या शरीराची ऊब तयार करता येत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून हिवाळ्याच्या रात्री ती पाण्यात किंवा काठावरच्या बिळात काढते, कारण पाणी हवेइतके लवकर निवत नाही. ऊन वर आले की काठावर येऊन, पाठ सूर्याकडे करून, ती निवांत पडते. फार तापली की जबडा उघडा ठेवते, त्याने डोके थंड राहते. त्यावरही भागले नाही तर पुन्हा पाण्यात. ना स्वेटर, ना तो ठेवायची चिंता. पुलाच्या कठड्यावर ओणवी होऊन माणसे ही मगर तासन् तास पाहतात. पावसाळ्यात पुराबरोबर तीच सोसायटीच्या अंगणात आली की याच माणसांना घाम फुटतो, पण तो वेगळ्या ऋतूचा विषय झाला. हिवाळ्यात दोन्ही पक्ष ऊन खातात आणि एकमेकांना त्रास देत नाहीत.

साडेदहा ते साडेअकरा हा शहराचा वस्त्रत्यागाचा तास. आधी मफलर, मग टोपी, मग स्वेटर. बाहेरगावचा माणूस स्वेटर खांद्यावर टाकतो, कमरेला बांधतो, हातात धरतो आणि अखेर कुठल्यातरी दुकानात विसरतो. बडोदेकर स्कूटरच्या सीटखालची डिकी उघडतो. या डिकीत स्वेटर, रेनकोट, लिलवा (ओली तूर) आणि बटाट्यांची पिशवी, गाडीचे कागद आणि जुनी छत्री, असा बारमाही संसार असतो. स्कूटरवरच्या मुली चेहऱ्याला दुपट्टा घट्ट बांधतात, ती बुकानी. सकाळी ती थंडीसाठी असते, दुपारी उन्हासाठी, आणि मधल्या काळात धुळीसाठी. सोडावी लागत नाही, हे तिचे मोठेपण. काकांच्या स्वेटराला हे भाग्य नाही. न्यायमंदिराजवळ दुपारी एकला तो प्रवाशाच्या पाठीला चिकटलेला असतो. काढावा तर आतल्या शर्टाची इस्त्री रात्रभरच्या गाडीने केलेली.

दुपारी पंखा एकवर लागतो. चारपर्यंत हिवाळ्याविषयी बोलणेही विचित्र वाटते. सहाला सूर्य कलतो आणि सातला गाव शेवउसळीच्या गाड्यांभोवती गोळा होते. मराठी उसळ आणि गुजराती शेव यांचे हे लग्न बडोद्यात उत्तम टिकले आहे. वाटाण्याची उसळ, वर शेव, हिरवी पात, लसणाची चटणी आणि तिखट तरी. एका घासात कान गरम होतात, म्हणजे टोपीचा खर्च वाचतो. तोवर कोपऱ्याकोपऱ्यावर रखवालदारांची शेकोटी पेटते. तिला इथे 'तापणुं' म्हणतात, आणि तिच्याभोवती बसायला ओळख लागत नाही, एखादे लाकूड आणले की पुरते.

लग्ने हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कमुरतांमुळे, म्हणजे लग्नाला वर्ज्य मानलेल्या दिवसांमुळे, महिनाभर तुंबलेली लग्ने 14 जानेवारीनंतर सुटतात, आणि ती पार्टी प्लॉटवर, म्हणजे उघड्या हिरवळीवर, रात्री, दवात होतात. बायका पैठण्या आणि पटोळ्यांवर स्वेटर घालत नाहीत. शालही नाही, साडी दिसायला हवी. पुरुष सुटात असल्याने त्यांना थंडी वाजत नाही असे ते सांगतात. प्रत्यक्षात वऱ्हाड कुठे जमते ते पाहावे : जिलबीच्या कढईशी आणि तंदुरीच्या भट्टीशी. जिलबीच्या रांगेत तिसऱ्यांदा उभा असलेला माणूस खादाड असेलच असे नाही.

एवढे शिकून घेतले की मावठा येतो. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-पाकिस्तानमार्गे उत्तर भारतात शिरणारे पश्चिमी विक्षोभ या सगळ्या गोंधळामागे असतात. त्यातला एखादा जरा दक्षिणेकडे सरकला की गुजरातेवर ढग येतात आणि कधी अवकाळी पाऊसही पडतो, तोच मावठा. ढगांनी रात्री रजाईचे काम केल्याने पहाट उबदार होते आणि दिवस उन्हावाचून थंड. सारा नियम उलटा होतो : सकाळी माणसे टोपीत घामाघूम, दुपारी शर्टात गारठलेली. डिकीतून रेनकोट काढावा की स्वेटर, यावर चौकाचौकांत दुमत होते. शेतकऱ्याला यात गंमत नसते. उभ्या जिऱ्याचे, फुटलेल्या कापसाचे आणि आंब्याच्या मोहराचे नुकसान होते. विक्षोभ पुढे गेला की मागून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, आभाळ स्वच्छ होते आणि दोन दिवसांत पारा खाली कोसळतो. त्या दिवशी वर्तमानपत्रात पुन्हा चमकारो, आणि नलिया.

उत्तरायणाला, 14 तारखेला, सगळे शहर गच्चीवर चढते. वासी उत्तरायणाला, 15 तारखेला, राहिलेले पतंग आणि उरलेले उंधियू संपवायला पुन्हा चढते. सकाळी सहाला स्वेटर घालून, कारण वारा आहे. दहाला स्वेटर काढून, कारण ऊन आहे. संध्याकाळी नाक उन्हाने रापलेले आणि कान वाऱ्याने बधिर, अशी दोन ऋतूंची दोन खाती एकाच चेहऱ्यावर उघडलेली असतात. मराठी घरांत हाताला मांजा आणि तिळगूळ दोन्ही चिकटतात. काढलेला स्वेटर पाण्याच्या टाकीवर ठेवण्याची प्रथा आहे, आणि पेच लागला की त्याच्यावर पाय देऊन चढण्याचीही. काकांच्या स्वेटराची एक बाही तिथेच उसवते.

फेब्रुवारीत दुपार तिशी ओलांडून पुढे जाते. एका संध्याकाळी आत्या जाहीर करते की थंडी गेली. रजाया उन्हात पडतात, स्वेटर धुऊन, उसवलेली बाही शिवून, नव्या डांबरगोळ्यांसह ट्रंकेत जातो, ट्रंक माळ्यावर चढते आणि शिडी शेजाऱ्यांना परत केली जाते. रात्री उत्तरेचा वारा सुटतो. पहाटे साडेपाचला शेजाऱ्यांचे दार वाजते, शिडी पुन्हा येते, आणि सातला कमाटीबागेत फिरणाऱ्या निम्म्या मंडळींच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत असतो.