डोक्यातला प्रोजेक्ट रिपोर्ट

सांगलीच्या बाजारात नानांचं भडंगाचं दुकान आहे. धंद्याचं पुढं काय ठरवलंय, असं कुणी विचारलं की नाना कपाळावर टिचकी मारतात. "डोक्यात आहे की सगळं!" म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पुडा बांधायला घेतात. म्हणजे विषय संपला.

खोटं काही नाही त्यात. चातुर्मासात लसूण सोडणारी घरं कोणती हे नानांना पाठ, म्हणून आषाढी एकादशीआधीच लसणाची खरेदी उतरते आणि बिनलसणाच्या भडंगाचा वेगळा डबा पुढं येतो. दिवाळीची सुट्टी संपवून पोरं पुण्याच्या होस्टेलला निघाली की प्रत्येक आई किलोभर बांधून नेणार, म्हणून चुरमुऱ्याची पोती आधीच येऊन पडतात. कारखान्यानं ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला बिल द्यावं, असा कायदा आहे. ते खरंच कधी हातात पडतं, याचा नानांचा अंदाज वेगळा असतो आणि तेलाचे डबे ते त्या अंदाजावर उचलतात. कृष्णेच्या पुराचंही तसंच. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. नानांची स्वतःची 35. तिथं पाणी टेकलं की माल टेम्पोत घालून मिरजेला, मेव्हण्याच्या माडीवर. मेव्हणा दरवर्षी हसायचा. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून हसत नाही.

एवढ्या तयारीच्या माणसाला पॅकिंग मशीन घ्यायचं होतं. मुद्रा योजनेत 50 हजारांच्या वर, 5 लाखांपर्यंतचं कर्ज किशोर गटात येतं. बासष्टाव्या वर्षी किशोर झाल्याचं नानांनी गल्लीभर सांगितलं. पण बँकेतल्या साहेबांनी प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला. नानांनी सवयीनं कपाळावर टिचकी मारली. साहेब म्हणाले, "बरोबर आहे नाना, पण मला त्याची झेरॉक्स लागंल."

मग एका टायपिंगवाल्यानं दोन दिवसांत जाडजूड रिपोर्ट हातात ठेवला. रंगीत आलेख, पाच वर्षांचा अंदाजित ताळेबंद, आणि दरवर्षी न चुकता 15 टक्क्यांनी वाढणारा नफा. नानांनी न वाचता सही ठोकली. तो रिपोर्ट आधी कुणाच्या तरी पोल्ट्रीसाठी केलेला होता, हे साहेबांच्या टेबलावर कळलं.

"नाना, हे 'पक्ष्यांचा मृत्युदर 5 टक्के' काय आहे?"

नाना क्षणभरही अडखळले नाहीत. "मोडका चुरमुरा, साहेब. पाच टक्के तेवढा जातोच."

पुढची ओळ 'पुराचा धोका : नाही' अशी होती. ती ऐकल्यावर मात्र नाना उखडले. "कुठल्या गावची कोंबडी आहे ही?" मग अर्धा तास त्यांनी साहेबांना पोती, टेम्पो, चातुर्मास, ऊसबिल असं सगळं ऐकवलं. साहेबांनी समासात बारीक अक्षरात लिहून घेतलं. कर्ज मंजूर झालं.

पण असा पक्का माणूस दर ठरवताना लोण्याहून मऊ होतो. 2024 मध्ये लसूण 400 रुपये किलोवर गेला, तरी भडंगाचा दर जागचा हलला नाही. "गिऱ्हाईक काय म्हणंल?" उधारीचंही तेच. ती डोक्यात असते खरी, पण एखादा निवृत्त मास्तर समोर आला की नानांना नेमकं काही आठवत नाही. स्वतःचा पगार म्हणाल, तर भाजीला गल्ल्यातून उचललेली नोट.

शेवटी बी.कॉम. झालेल्या सूनबाईनं चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, गॅस आणि पिशवी मांडून एका किलोचा हिशोब काढला. "मामा, किलोमागं सात रुपये आपणच गिऱ्हाइकाला देतोय." नाना त्या रात्री जेवताना बोलले नाहीत. सकाळी पाटीवर नवा दर होता. गिऱ्हाईक काहीच म्हणालं नाही, याचं नानांना जरा वाईटच वाटलं.

तेव्हापासून सूनबाई रोज दुकान बंद करताना एक प्रश्न विचारते. तुम्ही आठ दिवस तापानं झोपलात तर चुरमुरे कुणाकडून मागवायचे? शेंगदाण्याचा भाव कुठल्या महिन्यात उतरतो? नाना कपाळाकडं बोट नेतात. ती वही पुढं करते. "तिथून इथं काढा."

परवा वही भरली. नानांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली, दोन ठिकाणी आकडे सुधारले आणि पुराच्या पानावर '35' खाली जाड रेघ ओढली.

"झकास केलंस. फक्त ते उधारीचं पान तेवढं काढ."

"का मामा? बँकेला दाखवायला चांगलं असतं की."

"बँकेचं काय घेऊन बसलीस! तुझ्या सासूला वाचता येतं."