भावी खासदार

डोलवीत स्टील कंपनीच्या गेटसमोर 'भावी खासदार' असा बॅनर लागला तेव्हा शेठचं वय पन्नास होतं, डंपर बावीस होते आणि राजकारणातला अनुभव अडीच वर्षांच्या उपसरपंचपदाचा. शेठ कोणी एकच नव्हे. पेणपासून रोह्यापर्यंत जिथे धुराडं आहे, तिथे एक शेठ आहेच.

कंपनी इस्पातची होती तेव्हा या शेठचा एकच डंपर होता, तोही हप्त्यावरचा. २०१० साली कंपनी जिंदलांकडे गेली आणि शेठला आदर्श म्हणून ओमप्रकाश जिंदल सापडले. "हिसारला बादल्या बनवायचा मानूस! ९६ला कुरुक्षेत्रातून खासदार. आपून तर खडी टाकतो." बादलीपेक्षा खडी जड, यावर कोण वाद घालणार? घरचा दाखलाही तयार. कंत्राटदारीतून आलेले रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ साली जुन्या कुलाब्यातून, लाल बावट्यावर, दिल्लीला गेले. "त्यांच्या नावात शेठ. आपल्यालापन लोक शेठच बोलतात. अर्धं काम झालं ना?"

उरलेलं अर्धं काम हळदीत चालतं. एका रात्रीत सात हळदी, प्रत्येक ठिकाणी एक पाकीट आणि दोन गाण्यांपुरता नाच. सकाळी कोणाचं तरी बारावं.

पण शेठची खरी प्रतिभा रस्त्यावर दिसते. रस्ता त्याच्याच डंपरांनी उखडतो, खड्डे बुजवायचं काम त्याच्याच भाच्याच्या नावावर निघतं आणि वडखळ नाक्यावरच्या रास्ता रोकोत पहिली घोषणाही त्याचीच. मागच्या खेपेला त्या कोंडीत त्याचेच चार डंपर अडकले. एका हातात माईक, दुसऱ्या हातात फोन: "अरे, मागं घे, आंदोलन चालू हाय!"

परराष्ट्र धोरण मात्र पक्कं आहे. चीनचं स्वस्त स्टील आलं की इथला माल पडून राहतो आणि डंपर दारात उभे राहतात. एवढं नेमकं सांगणारे खासदार मी फार पाहिलेले नाहीत.

धास्ती एकच, २०१४च्या लोकसभा निवडणुकीची. रायगडात तटकरे गीत्यांकडून अवघ्या २,११० मतांनी हरले, आणि तटकऱ्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांवर मतं नेली होती. शेठने मतदारयादी चाळली. आपल्या नावाचे अकरा निघाले. दहा जणांना त्याने लगेच कामावर घेतलं. कोणी क्लीनर, कोणी वॉचमन.

अकराव्याने परवा नाक्यावर बॅनर लावला. फोटो वेगळा, बाकी मजकूर तोच.