दीड पर्वती

आमचे मामा बेत आखणाऱ्यांच्या जातीचे. या जातीला प्रवासाची हौस नसते, प्रवासाच्या अंदाजपत्रकाची असते. त्यातून मामांची नोकरी पाटबंधारे खात्यातली, म्हणजे विचारायलाच नको. मुलाकडे एडिसनला जायचं ठरलं तेव्हा मामी मेतकूट-सांडग्यांकडे वळल्या आणि मामा न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटाकडे.

चौथऱ्याच्या वरून मुकुटापर्यंत १६२ पायऱ्या. अरुंद, गोल फिरत जाणाऱ्या. लिफ्ट नाही. आपल्या पर्वतीच्या पायऱ्या १०३. मामांनी वहीत भागाकार मांडला आणि जाहीर केलं, "दीड पर्वती, वर साडेसात पायऱ्या."

"साडेसात?" मामींचं लाटणं थांबलं. "मग मी नाही येत बाई!"

दुसऱ्या दिवसापासून सराव. एक अख्खी पर्वती सोपी, पंचाईत अर्धीची. अर्धी म्हणजे साडेएक्कावन्न. म्हणून मामा बावन्नाव्या पायरीला नुसता एक पाय लावून मागे फिरत. शिवाय तिथला जिना अरुंद, म्हणून पर्वतीच्या ऐसपैस पायऱ्यांवरूनही ते खांदे आखडून, कोपरं पोटाशी धरून चढत. उतरणारी मंडळी सहानुभूतीने वाट देत. एकाने तर संधिवातावर तेल सुचवलं.

एडिसनला पोचल्यावर इतिहास निघाला. हातातली मशाल १९१६ च्या स्फोटापासून लोकांना बंद. मुकुट ११ सप्टेंबर २००१ नंतर बंद झाला तो उघडला ४ जुलै २००९ ला. पुढे डागडुजीसाठी वर्षभर बंद राहून २८ ऑक्टोबर २०१२ ला एकदाचा उघडला, आणि लगेच सँडी वादळ! पुन्हा टाळं, थेट पुढच्या ४ जुलैपर्यंत. "हिचा नेम नाही," मामा म्हणाले, "दिवस नीट निवडला पाहिजे." मुकुटात वातानुकूलन नाही, म्हणून कडक ऊन नको. बोटीने जायचं, म्हणून वारा नको. शनिवार-रविवार गर्दी. अमावास्येबद्दल ते काही बोलले नाहीत, पण पंचांग सोबत होतं. मुकुटाची तिकिटं मोजकीच, फार आधी संपणारी. त्यामुळे मामांचा दिवस नक्की होईपर्यंत त्या दिवसाची तिकिटं संपलेली असत. मामांना याचं दुःख झालेलं दिसलं नाही; नवा तक्ता आखायला मिळे.

शेवटी सूनबाईंनी ऑफिसला जाता जाता मोबाइलवर दोन तिकिटं काढून टाकली. नावानिशी मिळतात ती. एक स्वतःच्या नावाचं, एक मामींच्या. "बाबांचा दिवस अजून ठरायचाय ना," ती म्हणाली. यात खोच होती की नाही, हे मामा अजून ठरवताहेत.

लिबर्टी स्टेट पार्कहून बोटीत मात्र तिघंही बसले. मुकुटात पिशव्या नेऊ देत नाहीत, हा नियम मामांना पाठ होता. तेव्हा तिखटामिठाच्या पुऱ्यांची पिशवी सांभाळत खाली बसण्याचं काम ओघानेच त्यांच्याकडे आलं.

मामी घामाघूम होऊन उतरल्या.

"किती भरल्या पायऱ्या?"

"मोजतंय कोण! अहो, वर खिडक्याच खिडक्या आहेत, इवल्या इवल्या. सगळं बंदर दिसतं!"

"पंचवीस खिडक्या," मामा म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "पायऱ्या १६२," त्यांनी लिहिलं, "प्रत्यक्ष पडताळणी बाकी."